राखेचा खड्डा कुठाय? मॉडेल रेल्वेसाठी इंजिन-शेडचा शोध: एक प्रकरण

पार्श्वभूमी

गट तिघांचा. लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची सगळी मांडणी, ज्यांची, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. दुसरी ताई, पेशानं आराखडे काढणारी, त्यामुळे तिच्या हातात कायम मोजपट्टी. तिसरा मी, कागद-नकाशे धुंडाळण्याची खोड असलेला. लेआउट एच-ओ मापाचा, म्हणजे १:८७. खरा एक फूट इथं साडेतीन मिलिमीटरचा. विषय अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एक काल्पनिक डिव्हिजन पॉइंट, म्हणजे जिथं मालगाडीचं इंजिन आणि माणसं बदलतात ते गाव. काळ तात्यांच्या शब्दांत ‘चाळीस ते पंचावन्नच्या मधला कधीतरी’. हा ‘कधीतरी’ पुढे आम्हाला चांगलाच भोवला.

इंजिनांच्या देखभालीसाठी एक फळी मोकळी ठेवली होती, आठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद. खऱ्या मापात ती सुमारे सातशे फूट बाय दोनशे अठरा फूट भरते. ऐकायला बरीच वाटते, पण मोठ्या ठिकाणी ही सगळी व्यवस्था अर्धा मैल पसरलेली असायची, आणि अर्धा मैल म्हणजे एच-ओमध्ये तीस फूट. आमच्याकडे त्याच्या पावपटीपेक्षा थोडी जास्त जागा होती.

तात्यांनी शोधबिध काही न करता किट आणून बसवली होती: नव्वद फुटी टर्नटेबल (इंजिन वळवणारा फिरता पूल), तीन खणांचं राउंडहाउस (त्याभोवतीची इंजिनं ठेवायची अर्धगोल शेड), पाण्याची टाकी आणि चार रुळांवर पसरलेला काँक्रीटचा भलाथोरला कोळशाचा मनोरा. मनोरा मुलीनं वाढदिवसाला दिलेला, म्हणून तो सगळ्यांत पुढे. प्रत्येक वस्तू देखणी होती. रंगकाम तर असं, की मनोऱ्यावरून ओघळलेल्या पावसाच्या रेघाही दिसाव्यात.

अडचण

पहिल्यांदा वेळापत्रकानुसार गाड्या चालवल्या तेव्हा घड्याळ चौपट वेगानं ठेवलं होतं. पंचवीस मिनिटांत तीन मालगाड्या आल्या. पहिलं इंजिन मनोऱ्याखाली थांबलं. दुसरं त्याच्यामागे आलं. राउंडहाउसकडे जाणारा रूळ एकच, आणि तोही मनोऱ्याखालूनच. आतून बाहेर पडायला तयार असलेलं इंजिन टर्नटेबलवर येऊन उभं राहिलं, कारण समोर तोंडाला तोंड लावून दुसरं उभं. तिसरी गाडी मुख्य मार्गावर खोळंबली. दहा मिनिटांत सगळा लेआउट बंद.

त्या गोंधळात ताईनं सहज विचारलं, “तात्या, राख कुठं टाकायची?”

कोणी काही बोललं नाही. वाफेच्या इंजिनाच्या शेडमध्ये जिथं सर्वाधिक वेळ जातो, ती जागाच आमच्याकडे नव्हती.

दुसरा धक्का टर्नटेबलचा. तात्यांनी नव्यानं ४-८-४ चाकरचनेचं (पुढे चार, मधे आठ, मागे चार चाकं) इंजिन घेतलं होतं. पुढच्या पहिल्या चाकापासून टेंडरच्या, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, शेवटच्या चाकापर्यंत मोजलं तर ३३० मिलिमीटर, म्हणजे ९४ फूट. टेबल ३१५ मिलिमीटरचं. टेंडरची मागची चाकं कठड्यावरच राहिली. आधी कळस मग पाया, त्यातला प्रकार.

समोरचे पर्याय

तीन वाटा होत्या. पहिली, आहे ते ठेवून फक्त एक वळसा-रूळ टाकायचा आणि दोन सांधे वाढवायचे. तात्यांचा कल इकडे होता, आणि त्यात वावगं काही नाही. बरेच लेआउट असेच सुधारत जातात. दुसरी ताईची: एक खरं गाव निवडायचं आणि तिथली शेड जशीच्या तशी मापात उतरवायची. तिनं आयोवातल्या एका ठिकाणाचा नकाशा मापात बसवूनही दाखवला. पंचवीस फूट लागले. तो पर्याय तिथंच संपला.

तिसरी वाट मी सुचवली. इमारतींपासून सुरुवात न करता एका इंजिनापासून करायची. ते गाडीवरून सुटल्यापासून पुन्हा गाडीला लागेपर्यंत त्याचं काय काय होतं ते क्रमानं लिहायचं, आणि मग त्या कामांपुरत्या जागा वेगवेगळ्या खऱ्या ठिकाणांवरून उचलायच्या. धोका उघड होता: इथून मनोरा, तिथून टाकी, अशी गोधडी व्हायची. म्हणून अट घातली, की जे उचलायचं ते मिडवेस्टमधलंच आणि ठरलेल्या तारखेच्या आधीच्या दहा वर्षांतलं, आणि प्रत्येक गोष्टीला एक फोटो किंवा एक नकाशा पुरावा म्हणून हवा.

तारीख ठरवताना वाद झाला. तात्यांकडे जीपी-७ डिझेल होतं. त्याचं उत्पादन ऑक्टोबर १९४९ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्याआधीचं काहीही धरलं तर ते कपाटात जाणार. फार पुढे गेलो तर वाफेची इंजिनं विरळ होतात आणि कोळशाचा मनोरा नुसती शोभेची वस्तू होतो. शेवटी ऑक्टोबर १९५० वर एकमत झालं. आता मागे पाहताना वाटतं, सबंध प्रकरणातला हा सर्वांत स्वस्त निर्णय होता. एक पैसा लागला नाही आणि निम्मे प्रश्न आपोआप मिटले. तात्यांना नॉरफोक अँड वेस्टर्नसारखं लुब्रिटोरियम हवं होतं, म्हणजे इंजिन आत घेऊन सगळं वंगण झटपट देण्याची छपरी. त्या कंपनीनं १९५३ पर्यंत स्वतःच्या कारखान्यात वाफेची इंजिनं बांधली आणि १९६० पर्यंत चालवली. वाफ टिकवायची म्हणून देखभाल इतकी चपळ केली होती. पण ती अपालाचियाच्या कोळसा-मुलखातली. अट आडवी आली. तात्या दोन दिवस रुसले.

एका इंजिनाचा दिवस

मोठ्या पुठ्ठ्यावर आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एका २-८-२ मिकाडोचा दिवस मांडला.

गाडी येते, ड्रायव्हर आणि फायरमन इंजिन यार्डाच्या टोकाला सोडतात आणि काय बिघडलंय ते कागदावर लिहून देतात. इथून पुढे ते हॉस्टलरच्या ताब्यात. हॉस्टलर म्हणजे शेडच्या हद्दीत इंजिन हलवणारा माणूस, मुख्य मार्गावर त्याचं काम नाही. इंजिन तपासणीच्या खड्ड्यावर येतं. खालून चाकं, ब्रेकची जोडणी, स्प्रिंगा बघतात. मग राखेचा खड्डा. फायरबॉक्सची, म्हणजे इंजिनाच्या भट्टीची, जाळी हलवून राख आणि वितळून गोळा झालेलं खंगर खाली पाडायचं, राखपेटी मोकळी करायची, उरलेला विस्तव नीट पसरायचा. मग कोळसा, वाळू, पाणी. मग टर्नटेबल, आणि तिथून राउंडहाउसचा खण. निघताना पुन्हा टर्नटेबल, पाणी काठोकाठ, आणि बाहेरच्या रुळावर गाडीची वाट बघत उभं राहणं.

हा क्रम सगळीकडे असाच नव्हता. कुठं कोळसा आधी, कुठं राख आधी. पण एक गोष्ट बहुतेक आराखड्यांत दिसली: आत येणाऱ्या इंजिनाची वाट बाहेर जाणाऱ्याच्या वाटेला शक्यतो छेदत नाही. आमच्या फळीवर दोघांची वाट एकच होती.

मग वेळा घातल्या. तपासणी पंधरा मिनिटं, राख चाळीस, कोळसा-वाळू-पाणी मिळून पंधरा, टर्नटेबल पाच. हे आकडे आम्ही खेळासाठी धरलेले, पण राखेचा वेळ सगळ्यांत मोठा हे प्रमाण खरं आहे. पहिल्या दिवसाच्या त्या तीन गाड्या पुन्हा कागदावर चालवल्या. इंजिनं खड्ड्यापाशी शून्य, बारा आणि पंचविसाव्या मिनिटाला आली असं धरलं. खड्ड्यावर एकाचीच सोय असेल तर ती चाळीस, ऐंशी आणि एकशेविसाव्या मिनिटाला मोकळी होतात. तिसऱ्याला पंचावन्न मिनिटं नुसतं ताटकळायचं. दोन जागा असतील तर चाळीस, बावन्न आणि ऐंशी. तिसऱ्याची प्रतीक्षा पंधरा मिनिटांची. म्हणजे आम्हाला मोठा मनोरा नको होता, राखेचे दोन खड्डे हवे होते. मनोऱ्याखाली इंजिन पाच-सात मिनिटंच थांबतं.

नकाशे आणि फोटो वाचताना

शोधात सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला सॅनबॉर्न नकाशांनी, आणि सगळ्यांत जास्त दिलंही त्यांनीच. आगीच्या विम्यासाठी काढलेले हे नकाशे. कंपनी १८६७ सालची. बहुधा पन्नास फुटांना एक इंच. विमा कंपनीला आग कुठं लागेल याची चिंता, त्यामुळे राउंडहाउस, कोळशाची जागा, वाळू सुकवायची भट्टी, तेलाची खोली, पाण्याची टाकी हे सगळं नेमकं टिपलेलं. विटांची भिंत गुलाबी, लाकडी पिवळी. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं यातले पुष्कळ रंगीत स्वरूपात खुले केले आहेत.

आमची पहिली चूक इथंच झाली. सुरुवातीला हाती लागली ती मायक्रोफिल्मवरून काढलेली काळी-पांढरी प्रत. गुलाबी आणि पिवळं दोन्ही करडं. ताईनं राउंडहाउस विटांचं धरून अर्धा आराखडा काढला. रंगीत पान मिळालं तेव्हा मागची अर्धी भिंत पिवळी निघाली.

दुसरी चूक जास्त फसवी. शीर्षकपानावर साल १९१४, म्हणून तात्या त्या पानावरच्या लाकडी उताराच्या कोळसा-फलाटावर भाळले आणि तो बांधायला सरसावले. सॅनबॉर्नची माणसं नकाशा जुना झाला की नवा छापण्याऐवजी बदललेल्या भागावर कागदाचे तुकडे चिकटवायची. स्कॅन मोठं करून पाहिलं तेव्हा कोपऱ्यातल्या एका पत्र्याच्या शेडभोवती बारीक सावलीची कड दिसली, चिकटवलेल्या चिठ्ठीची. म्हणजे एकाच पानावर दोन काळ नांदत होते: फलाट १९१४ चा, शेड त्यानंतरची. फलाटावर चिठ्ठी नव्हती, पण त्यावरून तो १९५० लाही उभा होता हे सिद्ध होत नाही. विम्याशी संबंध तुटला की नकाशाही अद्ययावत राहत नाही.

तो वाद हवाई छायाचित्रानं सोडवला. अमेरिकेच्या शेतीखात्यानं १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतजमिनी मोजायला वरून फोटो काढले, आणि शेतांच्या कडेनं जाणारी रेल्वे त्यांत आपसूक आली. नकाशातल्या त्या ठिकाणी लाकडी उताराची लांब सावली नव्हतीच. एक आखूड, जाड, चौकोनी सावली होती: काँक्रीटचा मनोरा. त्याच फोटोत टर्नटेबलच्या अलीकडे रुळांच्या मधोमध एक काळा लांबट डाग होता, कडा फिस्कटलेल्या. ताईनं भिंग धरलं, मी जमिनीवरून काढलेला फोटो शेजारी ठेवला, आणि दहा मिनिटांनी तिघंही एकदम म्हणालो, राखेचा खड्डा. पाणी मारून विझवलेली राख आजूबाजूला वर्षानुवर्षं सांडून जमीन काळी झाली होती. त्या डागाची लांबी मोजली तेव्हा कळलं, की तिथंही दोन इंजिनं मागेपुढे उभी राहत असणार.

रुळांची जुळणी मूल्यांकन-नकाशांवरून घेतली. १९१३ च्या कायद्यानं आंतरराज्य वाणिज्य आयोगाला सगळ्या रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेची मोजदाद करायला लावली आणि त्यापायी कंपन्यांनी फूट न् फूट नकाशे काढले. रूळ, सांधे, हद्दी यांबाबत ते सॅनबॉर्नपेक्षा विश्वासाचे. इमारतींच्या आतलं मात्र काही सांगत नाहीत.

माणसं, धूर, घाण, शिडी कुठं टेकलेली असते, या गोष्टी जॅक डेलानोच्या फोटोंत सापडल्या. युद्धकाळात सरकारी कामावर असताना त्यानं १९४२-४३ च्या हिवाळ्यात शिकागोच्या यार्डांत आणि शेडांत फोटो काढले, काही रंगीत. एप्रिल १९४३ मध्ये आयोवातल्या क्लिंटनच्या राउंडहाउसमध्ये इंजिनं धुणाऱ्या बायकाही त्यानं टिपल्या. तात्यांच्या लेआउटवर शेडमध्ये एकही बाई नव्हती. १९५० पर्यंत त्यातल्या किती कामावर राहिल्या असतील यावर आमचा वाद रंगला, आणि शेवटी एक बाहुली उभी केली, हातात वाफेची नळी देऊन.

एका सुंदर फोटोनं मात्र आठवडाभर चकवलं. त्यात ना मनोरा, ना राखेचा खड्डा, नुसती टाकी आणि नळखांब. आम्हाला वाटलं, इतक्या कमी जागेत भागतं की! ते ठिकाण पश्चिमेकडचं होतं आणि तिथली इंजिनं तेलावर चालायची. तेलाला राख नाही, मग खड्डा कशाला? अट पाळली असती तर तो फोटो पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

निर्णय: टेबल आणि खण

टर्नटेबल शंभर फुटी घ्यायचं ठरलं, ३५० मिलिमीटरचं. आमच्या ९४ फुटी इंजिनाला त्यात सहा फूट उरतात. हे जुन्या धर्तीचं मध्यावर तोललेलं टेबल असतं तर सहा फुटांत अडचण आली असती. त्यावर इंजिनाचा तोल मधल्या टेकूवर साधावा लागे. टेंडर रिकामं असेल तर वजन पुढे, भरलेलं असेल तर मागे, आणि हॉस्टलर इंजिन इंच-इंच पुढेमागे करत बसे. नंतरच्या टेबलांचा भार दोन्ही टोकांच्या चाकांवरही जातो, त्यामुळे एवढं नाजूक राहत नाही. मॉडेलला तोलाची फिकीर नाही, पण खरा प्रकार कोणता हे माहीत असलं की पुलाची ठेवण कोणत्या फोटोवरून घ्यायची ते कळतं.

राउंडहाउसचं गणित ताईनं केलं. दाराशी दोन खणांच्या मध्यरेषांत पंधरा फूट हवेत. दोन रुळांमधला कोन दहा अंश धरला तर दारं टेबलच्या मध्यापासून ८६ फुटांवर येतात. साडेसात अंश धरला तर ११५ फुटांवर. पंधरा अंश धरला तर जेमतेम ५७ फुटांवर. पंधरा अंशात जागा वाचते असं वाटतं, पण खण फार पसरतात आणि सहा खण केले तर फळीची रुंदी काठोकाठ भरते. साडेसातात इमारत मागे सरकते आणि लांबी खाते. दहा अंशांवर सहा खण, पंच्याण्णव फूट खोलीचे: रुंदी ६३ सेंटिमीटर, फळी ७६ ची. बसलं. पण राउंडहाउसचं तोंड फळीच्या रुंदीकडे न ठेवता लांबीकडे फिरवावं लागलं.

पण ४-८-४ कपलरसकट (टोकांच्या जोडणीसकट) पंच्याण्णव फुटांत मावेना. इथं खऱ्या रेल्वेनं वाट दाखवली. इंजिनं मोठी होत गेली तशी कंपन्यांनी अख्खं राउंडहाउस न पाडता दोन-चार खणांची मागची भिंतच बाहेर ढकलली; फोटोंत ती ठिगळं लगेच ओळखू येतात, विटांचा रंगही वेगळा. आम्ही मधले दोन खण पंधरा फुटांनी वाढवले. तात्यांनी नव्या विटा जरा लालसर रंगवल्या. लेआउटवरची माझी सर्वांत आवडती भिंत तीच.

सहापैकी एक खण बॉयलर धुण्यासाठी राखून ठेवला. अमेरिकेतल्या नियमानुसार बॉयलर पाण्याच्या गुणाप्रमाणे, पण महिन्यातून एकदा तरी पूर्ण धुवायलाच लागे. आमची बारा इंजिनं, म्हणजे महिन्याला बारा धुण्या. दर दोन-तीन दिवसांनी एक इंजिन थंड पडून राहणार. हे कळल्यावर वेळापत्रकातून आपोआप एक इंजिन कमी झालं, आणि खेळात थोडी खरी चणचण आली.

निर्णय: मनोरा

बारा इंजिनं, प्रत्येकी दिवसाला बारा टन धरले तर १४४ टन. पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या सरकारी प्रमाणित टेंडरमध्ये सोळा टन कोळसा आणि दहा हजार गॅलन पाणी मावे, त्यावरून हा अंदाज. दोन रुळांवरचा तीनशे टनी मनोरा दोन दिवस पुरतो. तात्यांचा चार रुळांचा मनोरा याच्या कैक पट गर्दीच्या जागी शोभला असता.

त्याचं काय करायचं हा प्रश्न तांत्रिक नव्हता. ताई थेट म्हणाली, “तात्या, तुमच्या मुलीलाच विचारा.” मुलीनं हसून सांगितलं, कपाटात ठेवा, मला तिथं जास्त दिसेल. दोन संध्याकाळी मनोरा काचेच्या कपाटात गेला आणि फळीवर बारका आला. मी स्वतः हे सुचवायला महिनाभर कचरलो होतो. तो महिना फुकट गेला.

निर्णय: डिझेल

डिझेलला कोळसा नको, राख नाही, पाणी जुजबी, वळवायची गरज कमी. वाळू मात्र लागतेच. निसरड्या रुळावर पकड सगळ्यांनाच हवी. त्यामुळे वाळूचा मनोरा दोघांत सामायिक ठेवला. वाळू ओली आणायची, भट्टीवर सुकवायची, चाळायची, दाबलेल्या हवेनं वर चढवायची. वाळूघरात एवढी कामं होतात हे आधी आमच्या गावीही नव्हतं. डिझेलसाठी कडेला एक रूळ, तेलाची टँक-वाघीण, पंप आणि नळी. राखेच्या धुळीचा विजेच्या यंत्रणेला आणि हवेच्या गाळण्यांना त्रास व्हायचा, म्हणून कंपन्या लवकरच डिझेलला वेगळं घर देत गेल्या. आमच्या गावात १९५० साली ते अजून व्हायचं होतं, असं धरलं.

परिणाम

सगळं कायम करण्याआधी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर तीन वेळा खेळून पाहिलं. दुसऱ्या खेपेला पाण्याचा नळखांब हलवावा लागला, कारण खड्ड्यावरच्या दुसऱ्या इंजिनाचं टेंडर त्याच्याशी येत नव्हतं. मग रूळ पक्के केले. आत येण्याचा रूळ, बाहेर जाण्याचा रूळ, दोन जागांचा राखखड्डा, आणि मनोऱ्याला बगल देणारा एक वळसा. पहिल्या दिवसाचंच वेळापत्रक पुन्हा चालवलं. तिसरी गाडी मुख्य मार्गावर खोळंबली नाही. बाहेर जाणाऱ्या इंजिनाला एकदाच थांबावं लागलं, तेही तात्या चहा ढवळत असल्यानं सांधा बदलायचा राहिला म्हणून.

आराखडा एका रेल्वे इतिहास-मंडळाच्या अभिलेखागारातल्या स्वयंसेवकाला दाखवला. त्यानं कौतुक वगैरे काही केलं नाही. दोन प्रश्न विचारले: महिना कोणता, आणि वाळूच्या भट्टीला कोळसा कुठून येतो? पहिल्याला उत्तर होतं, ऑक्टोबर. दुसऱ्याला नव्हतं. आता वाळूघराच्या मागे कोळशाचा एक छोटा ढीग आणि एक फावडं आहे.

गर्दी पूर्ण सुटली मात्र नाही, ती सरकली. शेडला स्वतःचा माल लागतो हे आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं. दिवसाला १४४ टन कोळसा म्हणजे पंचावन्न टनी वाघिणी रोज तीन. कोळशाचा रूळ २६ सेंटिमीटरचा, एक वाघीण बारा सेंटिमीटरची, म्हणजे दोनच मावतात. तिसरी ढकलायला शंटिंगचं इंजिन आलं की आत येण्याचा रूळ बंद. शिवाय ओली वाळू आणायची, तेलाची टँक बदलायची. खरं तर यामुळे खेळ रंगतदार झाला. शेड हाच लेआउटवरचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक निघाला. पण ठरवून केलेली गंमत आणि चुकून झालेली गंमत यात फरक आहे.

वेगळं काय करता आलं असतं

टर्नटेबल आणि सर्वांत लांब इंजिन एकाच दिवशी मोजायला हवं होतं. प्रत्येक फोटोच्या मागे साल, ठिकाण आणि इंधन लिहायला हवं होतं. ही सवय आता लागली, तेलवाल्या फोटोनंतर. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर खेळणं शोधाच्या शेवटी नको, मध्यावरच हवं होतं, कारण नकाशे पाहून जे प्रश्न सुचले नाहीत ते हातात इंजिन धरून ढकलताना सुचले. चाकांची जोडी खाली उतरवायचा खड्डा आम्ही केलाच नाही; एका खणात तो हवा होता, पण फळीखाली आडवी पट्टी येते. पाण्यातले क्षार काढायची छोटी शेडही राहिली. मिडवेस्टच्या जड पाण्यात ती असण्याची शक्यता दाट, पण आम्ही निवडलेल्या ठिकाणी तिचा पुरावा मिळाला नाही, आणि अटीप्रमाणे पुराव्याशिवाय काही नाही. ताई म्हणते अट इथं सैल करू. मी अजून तयार नाही.

आणि राख. खड्ड्यातून बादलीच्या यंत्रानं राख वर येते आणि शेजारच्या रुळावरच्या उघड्या वाघिणीत पडते. कोळशाच्या दहाव्या हिश्शाएवढी राख धरली तर दिवसाला चौदा-पंधरा टन; तीन-चार दिवसांत वाघीण भरते. ती बाहेर काढायची वाट आत येण्याच्या रुळावरूनच आहे, म्हणजे खड्ड्यावरची दोन्ही इंजिनं हलवल्याशिवाय भरलेली वाघीण निघत नाही. ताईनं परवा उपाय काढला: राखेचा रूळ मागून पंधरा सेंटिमीटर वाढवून बाहेर जाण्याच्या रुळाला जोडायचा. एक सांधा लागेल, आणि पाण्याची टाकी थोडी हलवावी लागेल.

टाकीचं रंगकाम तात्यांनी गेल्याच आठवड्यात नव्यानं केलंय. त्यांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.